अन्न नव्हे, फराळ

दाजीबानपेठेतल्या बायकांचं उपासतापासाचं काही अडलं की त्या भटजींच्या आधी बगाड्यांच्या अंबूताईला विचारायला यायच्या. एकादशी आज धरायची की उद्या, पारणं किती वाजायच्या आत करायचं, अंगावर पाजणारीनं सोमवार केला तर चालतो का, असलं सगळं तिला तोंडपाठ होतं. महिन्यातले नऊ-दहा दिवस ती स्वतः उपाशी असायची आणि त्याचं तिला काही वाटायचं नाही. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी दोन लुगडी बांधून देऊन हुबळीला आणून सोडलं, आणि तेव्हापासून पोटाचे चोचले तिनं आयुष्यातून काढूनच टाकले होते.

ती माहेरी आली तेव्हा धाकटा भाऊ वेंकटेश सात वर्षांचा होता. मधली तीन भावंडं लहानपणीच गेलेली. पुढं दोन वर्षांत वडीलही गेले. आई गोदावरीबाई मोठ्या हिमतीची बाई. पदर खोचून ती कापडाच्या दुकानात गुमास्त्याशेजारी जाऊन बसली, आणि घर आणि पोरगा अंबूताईच्या पदरात आला. वेंकटेशला तिनं न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं, गोवरात मांडीवर घेऊन रात्री काढल्या. गल्लीतल्या कानडी पोरांबरोबर खेळून आला की तो उंबऱ्यातूनच ओरडायचा, "अक्का, हसिवु आगेति!" भूक लागली हे त्याला मराठीत कधी सांगताच आलं नाही. मोठा झाला, दुकानाच्या गादीवर बसायला लागला, तरी जेवायच्या वेळेला हाक तीच.

बाविसाव्या वर्षी त्याचं लग्न झालं. अळणावरच्या पुंडलिक पिश्यांची कुसुम सून होऊन आली. पिश्यांचं तिथल्या बाजारात कापडाचं लहानसं दुकान होतं. मुलगी सोळाची, कमी बोलणारी, कामाला वाघीण. नणंद-भावजयीत कधी शब्दाला शब्द लागला नाही. सन सदतीसच्या आषाढात तिला तिसरा महिना लागला होता आणि गोदावरीबाई आत्तापासूनच दुकानातून मऊ धडुती बाजूला काढून ठेवत होत्या.

त्याच आषाढात वेंकटेशला ताप भरला. पहिले चार दिवस सगळ्यांना वाटलं, पावसाचं दिवसमान आहे, भिजला असेल. पाचव्या दिवशी अंगडी डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट चाचपलं आणि सांगितलं, मुदतीचा ताप आहे. एकवीस दिवस तरी निघायचा नाही, औषधापेक्षा सांभाळण्यावरच सगळं आहे. बार्लीचं पाणी, मोसंब्याचा रस, ताकावरची निवळ, एवढंच द्यायचं. डॉक्टर कानडीत बोलता बोलता मराठीत यायचे आणि मराठीतून परत कानडीत जायचे. जाताना दारात थांबून ते अंबूताईला म्हणाले, "एनू कोडब्याडरी. काहीसुद्धा देऊ नका. आतून आतडी ओल्या कागदासारखी झालेली असतात. अन्नाचा कण गेला तरी फाटतील."

अंबूताईनं ते शब्द गाठीला बांधले. तेवीस दिवस ती त्याच्या उशाशी बसून होती. तो बरळायचा, दुकानातली लुगडी मोजायचा, मेलेल्या वडिलांशी भांडायचा. गोदावरीबाईंनी दुकान गुमास्त्यावर सोडून विठोबाच्या देवळाच्या खेपा सुरू केल्या. कुसुम कपाळावरच्या घड्या बदलायची, आणि कुणी बघत नाही असं वाटलं की त्याचे तळपाय दाबत बसायची. चोविसाव्या दिवशी सकाळी त्याला दरदरून घाम आला आणि ताप उतरला.

ताप उतरला आणि भूक उठली. ती भूक बघवत नव्हती. चोवीस वर्षांचा जवान गडी, छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात असा झालेला, डोळे मात्र सारखे स्वैपाकघराच्या दाराकडं. बार्लीचं पाणी पुढं केलं की तो तोंड फिरवायचा. शेजारच्या घरात फोडणी पडली तरी त्याला कळायचं, कशाची आहे ते सांगायचा. भाताचं एक शीत दे, भाकरीचा पापुद्रा दे, चाटायला लोणच्याची फोड तरी दे, असं तो आईला, बायकोला, बहिणीला आळीपाळीनं विनवायचा. डॉक्टरांनी अजून दहा दिवस सांगितले होते. घरातल्या तिघी बायका त्याच्यासमोर जेवायच्या नाहीत. मागच्या पडवीत, दार लावून, घाईघाईनं चार घास गिळायच्या.

ताप उतरल्याच्या चौथ्या दिवशी श्रावणातली पुत्रदा एकादशी आली.

मुलगा मागायची आणि असलेला सुखरूप राहावा म्हणून धरायची ही एकादशी. गोदावरीबाईंनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं, विठोबानं माझं पोर परत दिलंय, तेव्हा उद्या घरात कडक उपास व्हायचा. त्या दोघी मायलेकी पूजा झाल्यावर एक वेळ फराळ करणार, आणि कुसुमनं, जिच्या कुंकवाचा प्रश्न होता तिनं, नुसत्या तुळशीच्या पाण्यावर दिवस काढायचा. पोटुशीला असला उपास नसतो, तिनं दूध-फळं तरी घ्यायचीच असतात, हे अंबूताईनं आजवर वीस जणींना सांगितलं असेल. त्या दिवशी तिच्या ओठावर ते आलं. पण आईच्या डोळ्यांत इतक्या दिवसांनी जरा तेज दिसत होतं, म्हणून ती बोलली नाही. कुसुमनं मान हलवली आणि भांडी घासायला गेली.

एकादशीच्या दुपारी गोदावरीबाई कीर्तनाला देवळात गेल्या. कुसुमला सकाळपासून दोनदा घेरी आली होती, म्हणून अंबूताईनं तिला पडवीत जाऊन पडायला सांगितलं. पूजा आटोपली होती. साबूदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट जास्त घातलेली, आणि उकडलेली रताळी, असं एका ताटलीत वाढून घेऊन ती मधल्या खोलीत पाटावर बसली. वेंकटेशची खोली पलीकडंच होती, दार पुढं केलेलं. तो झोपला आहे असं तिला वाटलं होतं.

पहिला घास तोंडात घालायच्या आत आतून आवाज आला. मोठा नव्हता. "अक्का, हसिवु आगेति."

हात तसाच राहिला. लहानपणचीच हाक, पण त्या आवाजात खोडी नव्हती, हट्ट नव्हता, काही उरलंच नव्हतं. ताटली झाकून ती आत गेली. तो कुशीवर वळून दाराकडं बघत होता.

"निवळ आणू थोडी?" तिनं विचारलं.

"तूप-जिऱ्याची फोडणी दिलीस ना? दाणे जरा जास्त भाजलेत."

"झोप बघू तू."

"अक्का, डॉक्टरांनी काय सांगितलंय? अन्न देऊ नका, असंच ना?" तो थांबत थांबत बोलत होता, पण डोक्यात सगळं जुळवून ठेवल्यासारखं. "फराळ म्हणजे अन्न का? तूच सांगतेस ना सगळ्यांना, एकादशीला अन्न खायचं नाही, फराळ चालतो. अन्न असतं तर तू खाल्लं असतंस का?"

हे बोलणं त्यानं सहज केलं असतं तर ती हसली असती. पण ते तिच्या मनात जाऊन बसलं. सतरा वर्षं ती पेठेतल्या बायकांना हेच सांगत आली होती. तांदूळ, जोंधळा, गहू, डाळ हे अन्न, ते आज वर्ज्य. साबूदाणा, वरी, रताळं, शेंगदाणा हे अन्नात धरत नाहीत, ते निर्दोष, लहान लेकरालाही बाधत नाही. डॉक्टर लिंगायत माणूस, त्यांना आपला फराळ काय ठाऊक? ते भात-भाकरीबद्दल बोलले. आणि आज तर पुत्रदा एकादशी. देवाला दाखवलेला नैवेद्य. त्यानंच परत दिलेल्या पोराला देव तो कसा बाधू देईल?

तिनं ताटली आणली. खिचडी बोटांनी मऊ कुस्करली, रताळ्याची साल काढून तेही त्यात कालवलं आणि सुपारीएवढा पहिला घास त्याच्या तोंडात घातला. त्यानं डोळे मिटून तो किती तरी वेळ चघळला. मग दुसरा, मग तिसरा. चारच द्यायचे असं तिनं ठरवलं होतं. पण पाचव्या वेळी त्यानं चिमणीच्या पिलासारखं तोंड उघडलं आणि तिला नाही म्हणवेना. अर्धी ताटली संपली. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पदरानं टिपलं. तो म्हणाला, आता बरं वाटलं. आणि खरोखरच, इतक्या दिवसांत झोपला नव्हता असा गाढ झोपला. उरलेली अर्धी ताटली तिनं तिथंच बसून खाल्ली.

गोदावरीबाई देवळातून परत आल्या त्या मागच्या दारानं. पाय धुवायला न्हाणीकडं गेल्या, तर तिथं आडोशाला कुसुम उकिडवी बसलेली, हातात कालची शिळी भाकरी, वर कोरडी चटणी. अधाशासारखी खात होती. सासूला बघून तिनं तोंडातला घास तसाच ठेवला, गिळेना आणि थुंकेना. गोदावरीबाईंनी तिच्या हातातली भाकरी हिसकून परसात भिरकावली. एकादशीला जोंधळ्याची भाकरी, ती पण नवरा अंथरुणाला असताना, ती पण चोरून! असल्या पोरीला काय म्हणायचं, असं त्या शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत राहिल्या. कुसुम एवढंच म्हणाली की डोळ्यांपुढं अंधार आला, पोटातल्याला काही होईल म्हणून भ्यायले. अंबूताई मध्ये पडायला उठली, तेवढ्यात वेंकटेश ओरडला.

दिवेलागणीची वेळ होती. तो पोट धरून गुडघे छातीशी घेऊन पडला होता, चेहरा घामानं निथळलेला. अंगडी डॉक्टर अर्ध्या तासात आले. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. पोट फळीसारखं कडक झालं होतं.

"काय खायला दिलं?" त्यांनी विचारलं.

गोदावरीबाईंनी सुनेकडं बोट केलं. "हिनं खाल्लं, डॉक्टर. एकादशीच्या दिवशी हिनं अन्न खाल्लं."

"मी ह्याचं विचारतोय," डॉक्टर म्हणाले. ते अंबूताईकडं वळले. "अक्का, तुम्ही असता जवळ. ह्याच्या पोटात काय गेलंय?"

पुढं कितीही वर्षं गेली तरी अंबूताईला तो क्षण जसाच्या तसा आठवायचा. तोंड तिनं उघडलं होतं. खरं सांगायलाच उघडलं होतं. वेंकटेश तिच्याकडं बघत होता, आणि त्याच्या त्या बघण्यात सांगू नकोस असं होतं की सांग असं होतं, हे तिला कधीच कळलं नाही.

"ताकाची निवळ," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. कधी कधी काही न खाताही आतडं फाटतं, ते म्हणाले. आता गाडीत घालून कुठं न्यायची सोय राहिली नाही, नेला तर वाटेतच जाईल. दुखणं कमी होईल असं एक इंजेक्शन त्यांनी दिलं. द्वादशीला सकाळी, लोक पारण्याच्या तयारीला लागले होते त्या वेळेला, वेंकटेश गेला.

डॉक्टरांचं बोलणं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. राहिलं ते न्हाणीच्या आडोशाचं. दहाव्या दिवसापर्यंत दाजीबानपेठेतून कमरीपेठेपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं, की बगाड्यांच्या सुनेनं पुत्रदा एकादशीला चोरून भाकरी खाल्ली आणि पाठोपाठ मरण घरात आलं. भेटायला येणाऱ्या बायका कुसुमच्या खोलीकडं न बघता पुढं जायच्या. कुसुमनं एकदाही उत्तर दिलं नाही. उत्तर देण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतंच, कारण तिचीही तीच समजूत होती. चौदाव्या दिवशी गोदावरीबाईंनी पुंडलिक पिश्यांना बोलावून घेतलं आणि मुलीला घेऊन जा म्हणून सांगितलं. पिसे खालच्या मानेनं उभे होते. त्यांनी विहिणीपुढं हात जोडले, पोटात तुमच्या वेंकटेशचं मूल आहे म्हणाले. गोदावरीबाई म्हणाल्या, झालं की कळवा.

टांग्यात चढताना कुसुम अंबूताईच्या पाया पडली. "वन्सं, माझ्यासाठी देवाला एवढं सांगा, की माझं पाप पोटातल्याच्या माथी मारू नको."

अंबूताईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. टांगा पेठेच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत ती दारात उभी होती.

त्यानंतर अंबूताईचं अन्नच तुटलं. तोंडापाशी घास नेला की हाताला त्याच्या ओठांचा ओलावा लागल्यासारखं व्हायचं. दिवसातून एकदा कपभर दूध, कधी केळं, एवढ्यावर ती राहायला लागली. साबूदाणा घरात येऊ देईना. लोकांना ते निराळंच दिसलं. भावाच्या पाठी बहिणीनं अन्न सोडलं, काय ही तपश्चर्या, असं बायका म्हणायला लागल्या. पूर्वी विचारायला येणाऱ्या आता पाया पडायला यायच्या. कमरीपेठेतली एक बाई आपल्या मूल न राहणाऱ्या लेकीला घेऊन आली आणि तिच्या पोटावरून अंबूताईनं हात फिरवावा म्हणून हटून बसली. अंबूताई आतल्या खोलीत जाऊन कडी लावून बसली, तर बाहेर बायका कुजबुजल्या, किती निगर्वी आहे बघा.

ती दिवाळी दिवा न लावताच गेली. कार्तिक संपता संपता एका सकाळी गोदावरीबाई अंगणात पावटे सोलत बसल्या होत्या. अंबूताई समोर जाऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं. खिचडी, रताळं, अर्धी ताटली, ताकाच्या निवळीचं खोटं. काही गाळलं नाही.

गोदावरीबाईंचे हात थांबले नाहीत. शेंग मोडायची, दाणे सुपात, टरफल बाजूला. मान वर न करता त्या बोलल्या.

"पाच पोरं झाली मला. चार गेली. आता राहिलेलं एक येऊन सांगतंय, की चौथं मी मारलं. हे ऐकून घेऊन उद्यापासून तुझ्या हातचं पाणी पिऊ मी?"

"आई, तिच्यावर आळ आलाय. ती पोर..."

"ती परक्याची. तिला आई आहे, बाप आहे." त्यांनी सूप उचललं. "तू काही बोलली नाहीस. मी काही ऐकलं नाही. परत हा विषय काढलास तर मी विहीर जवळ करीन."

आणि त्या आत गेल्या. अंबूताईला आईचा राग आला नाही. उलट कुणीतरी आपल्याला गप्प बसायला सांगितलं ह्याचं कुठंतरी बरंच वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची तिला पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली. असेच दोन महिने गेले.

पौषात पुंडलिक पिश्यांचं कार्ड आलं. चार ओळींचं. मुलगी झाली, दिवस भरायच्या आधी झाली, तीन दिवस होती, कुसुम अशक्त आहे. गोदावरीबाईंनी गुमास्त्याकडून ते वाचून घेतलं, दोन टिपं गाळली आणि मुलगीच होती म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला न सांगता अंबूताई स्टेशनवर गेली आणि लोंढ्याकडं जाणाऱ्या गाडीत बसली. धारवाड गेलं, मग रान लागलं. अळणावरला ती उतरली तेव्हा थंडी होती, आणि स्टेशनाबाहेर रचलेल्या सागवानी ओंडक्यांवर अजून दव होतं.

पिश्यांचं घर विचारत ती गेली. दारात कुसुमची आई जनाबाई भेटली. तिनं रीतीप्रमाणे पाय धुवायला पाणी दिलं, पण या म्हटलं नाही. आत घोंगडीवर कुसुम पडली होती. ओळखू येईना. गाल बसलेले, मनगटं काडीसारखी, दूध दाटू नये म्हणून छातीला फडकं घट्ट आवळून बांधलेलं.

जनाबाई दाराशीच टेकून उभी राहिली आणि बोलायला लागली. बोलायला कुणीतरी हवंच होतं तिला. "इथं आल्यापासून हिनं प्रत्येक एकादशी निर्जळ केली. शुद्ध पण आणि वद्य पण. पाण्याचा थेंब नाही. सहावा महिना, सातवा महिना, आठवा. आम्ही दोघं पाया पडलो हिच्या. म्हणायची, एकदा मोडली तर नवरा गेला, आता मोडली तर पोर जाईल. सुईण म्हणाली, पोरीच्या अंगात जन्मतःच काही नव्हतं. रडायचा आवाजसुद्धा नाही."

अंबूताई कुसुमच्या अगदी जवळ जाऊन बसली.

"कुसुम, तुझ्या भाकरीनं काही झालं नाही. त्याला मी खायला घातलं होतं. त्या दुपारी, तू पडवीत असताना. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

कुसुम तिच्याकडं बघत राहिली.

"सकाळी त्यांनी आधी माझ्याजवळ मागितलं होतं," कुसुम हळू बोलली. "म्हणाले, आई देवळात गेली की काहीतरी आण. मी नाही म्हटलं. तसं त्यांनी भिंतीकडं तोंड केलं, ते परत माझ्याशी बोललेच नाहीत. आणि दुपारी मला राहवलं नाही, मी जाऊन खाल्लं. त्यांना उपाशी ठेवून मी खाल्लं, वन्सं. मला वाटलं, म्हणून गेले."

"नाही ग."

"काय दिलंत?"

"साबूची खिचडी. थोडं रताळं."

"आवडलं त्यांना?"

"हो."

"पोटभर खाल्लं?"

"पोटभर खाल्लं आणि झोपला," अंबूताई म्हणाली.

कुसुमनं डोळ्यांवर हात घेतला. तिचं अंग हलत होतं, आवाज येत नव्हता. जनाबाई तिच्याजवळ जाऊन बसली. किती तरी वेळानं कुसुमनं हात काढला आणि विचारलं, "मग ही? ही कशानं गेली? माझी एकादशी तर मोडली नव्हती."

अंबूताईनं तिचं काडीसारखं मनगट आपल्या हातात घेतलं.

पुंडलिक पिसे दुपारी दुकानातून जेवायला आले. अंबूताईनं त्यांनाही सांगितलं, उभ्यानं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तुमच्या आईला ठाऊक आहे?" आहे, ती म्हणाली, दोन महिने झाले. पिसे म्हणाले, ह्या दोन महिन्यांत चार एकादश्या झाल्या. एवढंच. आवाज चढवला नाही. जनाबाईनं चुलीवर भाताचं आधण ठेवलं होतं. मऊ गुरगुट्या भात आणि वर तूप घालून तिनं मुलीला उठवून बसवलं आणि भरवलं. कुसुमनं चार-पाच घास खाल्ले. अंबूताईला कुणी पान वाढलं नाही, आणि वाढलं असतं तर ती बसली नसती.

हुबळीची गाडी संध्याकाळच्या आत होती. एकट्या बाईमाणसाला स्टेशनवर कसं सोडायचं म्हणून पिसे तिच्याबरोबर आले, दहा पावलं पुढं चालत. फलाटावर तिला बाकावर बसवून स्वतः खांबाशी उभे राहिले. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "तुम्ही येऊन सांगितलंत. आता परत येऊ नका. कुसुम तिकडं यायची नाही. आईलाही तसं सांगा."

"सांगते," अंबूताई म्हणाली.

तिनं आईला सांगितलं. गोदावरीबाई त्या दिवसापासून लेकीशी बोलायच्या बंद झाल्या. एका चुलीवर दोन भांडी ठेवून त्या दोघी आणखी सहा वर्षं एकाच घरात राहिल्या. पाया पडायला येणाऱ्या बायकांनाही अंबूताई दारातच खरं ते सांगायला लागली. भावाला मी मारलं, भावजयीवर आळ येऊ दिला, मला नमस्कार करू नका. पहिल्या पहिल्यांदा त्या म्हणायच्या, दुःखानं डोकं फिरलंय बिचारीचं. मग एकीनं विश्वास ठेवला, तिनं दुसरीला सांगितलं, आणि पुढच्या श्रावणापर्यंत दाराशी कुणी यायचं राहिलं नाही.

कुसुम जगली. दोन वर्षांनी धारवाडला जाऊन शिकून ती एका खेड्यातल्या शाळेत मास्तरीण झाली, असं गुमास्त्यानं एकदा बाजारातून ऐकून आणलं. ती उपास धरते की नाही, हे त्याला कुणी विचारलं नाही.